सहा आवाज

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी बारामतीला गेलो होतो. मी, माझी सून वृषाली आणि दहा वर्षांची नात प्रगती. प्रगतीच्या कानाचा दाखला आणायचा होता. तिला निवासी शाळेत घालायचं ठरलं होतं, कर्णबधिर मुलांच्या, दोन जिल्हे पलीकडे. माझ्या मुलानं, रविराजनं, फॉर्म भरला होता. जागा मिळाली होती, इंदापूरहून पत्र्याची पेटीही आली होती. फक्त दाखला राहिला होता. प्रगतीला जायचं नव्हतं. पेटी आली त्या दिवशी ती पेटीवरच बसून राहिली. जेवायलासुद्धा उठली नाही आणि कुणाला झाकण उघडू दिलं नाही.

तिनं जावं हे ठरण्यात सगळ्यात मोठा वाटा माझा होता, हे आधीच सांगते.

आमची वस्ती सणसरच्या अलीकडे, कालव्याखाली. ऊस आहे, आणि वृषालीनं हट्टानं उभं केलेलं ढोबळ्या मिरचीचं शेडनेट आहे. प्रगतीला काहीच ऐकू येत नाही हे कळायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं होतं. थाळी वाजवली, फटाके उडवले, तरी ती हसत राहायची. ती तीन वर्षांची असताना पुण्यात ऑपरेशन झालं. कानामागं हाडात एक यंत्र बसवलं. बाहेर कानावर अडकवायचं मशीन, आणि त्याच्या वायरीला केसांत चिकटणारी चकती. मशीनला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि त्यांच्यामागं माईक असतो. माईक जे ऐकेल तेच आत जातं, दुसरी वाट नाही. हे सगळं पुण्याच्या बाईंनी समजावलं होतं आणि मी ते पाठ करून टाकलं होतं.

पाठ करणं हे माझं बळ. माझं माहेर सांगवी. तिथं मी सातवीपर्यंत शिकले. गुरुजींनी एकदा म्हटलेली कविता मी संध्याकाळी आईला म्हणून दाखवायची. अजून वस्तीवर कुणाच्या बारशाला कोण आलं होतं, कुठल्या साली कालव्याला पाणी उशिरा सुटलं, कुणाच्या बैलाचं नाव काय होतं, हे लोक मला विचारतात. "तलाठ्याकडं कशाला जातासा," रविराज म्हणतो, "आमच्या आईला इचारा."

सांगवीत माझी एक मावशी होती, धोंडामावशी. जन्माची बहिरी. आमच्या घरीच असायची. गोठ्यालगतच्या खोलीत निजायची, शेणकूर करायची, आणि कुणी तिच्याकडं बघितलं की हसायची. तिला कुणी काही सांगत नसे, हातानं ढकलत. माझं लग्न ठरलं तेव्हा घरात तीन दिवस गडबड होती, आणि मांडव घातला तेव्हा ती माझ्याजवळ येऊन माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघतच राहिली. कुणी तिला सांगितलंच नव्हतं. मीही नाही. ते तोंड मी विसरले नाही. प्रगतीचं ऑपरेशन झालं त्या रात्री मी ठरवलं होतं की हिची धोंडामावशी होऊ द्यायची नाही.

म्हणून सहा आवाजांचं काम मी माझ्याकडं घेतलं. पुण्याच्या बाईंनी शिकवलं होतं: रोज सकाळी मशीन घातलं की मुलीच्या मागं उभं राहायचं, तोंडावर पदर धरायचा आणि एकेक आवाज काढायचा. आ, ऊ, ई, म, श, स. बोलण्यातले जाड आवाज, बारीक आवाज, सगळे या सहांत येतात. मुलीनं तसाच आवाज परत काढला की मशीन ठीक. वृषालीला सकाळी मिरची तोडायला जावं लागायचं. मी प्रगतीची वेणी घालायला बसायचे, तेव्हाच हे करून घ्यायचे. ती पुढं, मी मागं, हातात केस. सात वर्षांत एक दिवस चुकला नाही. गौरी असो, सुतक असो, माझे गुडघे धरलेले असोत. देवाचं करावं तसं मी ते केलं. आवाज काढायचा, थांबायचं, तिनं म्हणायचं, मग पुढचा पेड. सहा झाले की चहा आणि खारी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पोरगी बदलली. हाक मारली की पटकन वळेना. वृषालीच्या बहिणीशी, तिच्या मावशीशी, फोनवर तासतास बोलणारी, फोन आला की आईच्या हातात द्यायला लागली. समोर बसून बोललं की नीट उत्तर द्यायची, पाठ फिरली की गप्प. चारचौघांत तर भलतंच काहीतरी बोलून जायची आणि पोरं हसायची. मग तिनं बोलणंच कमी केलं.

वृषाली एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "आत्या, तिला कमी ऐकाय येतंय. पुण्याला दाखवू या. दोन वर्षं झाली मशीनची मापं लावून घ्यायला, मॅपिंगला, गेलो न्हाय."

"सकाळी सहाच्या सहा सांगितलं तिनं," मी म्हणाले. "मशीनची हिरवी लाईट लुकलुकती. तुला मिरचीतनं सवड झाली की ये एकदा बघाय."

ती भाकरी थापायला लागली.

जानेवारीत मी ओसरीवरून ओरडले, "प्रगती, मोटार बंद कर!" ती मोटारीपासून चार हातांवर उभी होती. चिंच चोखत होती. ती तशीच निघून गेली, टाकी वाहिली आणि वृषालीच्या रोपांचे ट्रे वाहून गेले. मी जाऊन तिला एक ठेवून दिली. ती रडली नाही. माझ्या ओठांकडं बघत राहिली. मला वाटलं, केवढी निगरगट्ट.

मग प्रगतीच्या शाळेतले गुरुजी घरी आले. भले माणूस आहेत. "आक्का, प्रगतीला वर्गातलं ऐकू येतंय ना?" असं त्यांनी सरळ विचारलं. मी तिला समोर बसवलं, केस हातात घेतले आणि सहा आवाज करून दाखवले. सहाही बरोबर. गुरुजींनी मान हलवली.

"ऐकाय येतंय, गुरुजी. ऐकत न्हाय," मी म्हणाले. "लाडानं डोक्यावर बसलीय. तुमी कडक व्हा, आमचं काय म्हणणं न्हाय."

ते कडक झाले. मार्च उजाडेपर्यंत पोरगी दोन विषयांत नापास. रविराज म्हणाला, कान चांगला असून ही अशी, म्हणजे आपल्याच्यानं हिचं होत नाही, तिथं शिस्त लागेल. मीच त्याला म्हणाले, "व्हय, घाल."

बारामतीत त्या कानाच्या दवाखान्यात मनिषा नावाची एक तरुण मुलगी होती. तपासणी तिच्याकडं होती. खोली छोटी, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. तिनं प्रगतीचं मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"आजी, रोज तपासता का हे?"

"सात वर्षं," मी म्हणाले. मला ते सांगायला आवडायचं. "एक दिवस खाडा न्हाय."

"कसं घेता, दाखवता?"

मी प्रगतीला खुर्चीवर बसवलं आणि मागं उभी राहिले. वेणी सोडली. पदर तोंडावर घेतला आणि पेड घालायला लागले. आ. "आ," प्रगती म्हणाली. ऊ, ई, म. मग श, मग स. सगळे बरोबर, स्वच्छ. मी मनिषाकडं बघितलं. शाबासकीसाठीच बघितलं असणार.

ती हसली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आता परत करा. पण काही बोलू नका. नुसती वेणी घाला आणि नेहमी थांबता तिथं थांबा."

मला कळलं नाही हिला काय हवंय. मी परत केस घेतले. पहिला पेड घातला आणि हात थांबवला. तोंड बंद.

"आ," प्रगती म्हणाली.

मी दुसरा पेड घातला, थांबले.

"ऊ."

खोलीत पंखासुद्धा बंद होता. वृषाली भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडावर हात नेला. मनिषानं मला मान हलवून सांगितलं, चालू ठेवा. मी पेड घातला. "ई." पुन्हा घातला. "म." माझ्या तोंडातून श्वाससुद्धा बाहेर पडत नव्हता आणि माझी नात कुणीही न काढलेले आवाज एकापाठोपाठ एक, माझ्याच चालीत म्हणत होती. "श." शेवटच्या पेडाला माझी बोटं अडकली. मी नेहमीपेक्षा जास्त थांबले. ती माझी वाट बघत बसली, आणि मी केस जरा ओढले तशी म्हणाली, "स."

मग मागं वळून तिनं माझ्याकडं बघितलं. सहाच्या सहा बरोबर आले म्हणून हसत होती.

मी खाली बसले. खुर्ची होती की नाही आठवत नाही. बहुतेक वृषालीनं सरकवली.

मनिषानं मग स्वतःच्या तोंडासमोर पुठ्ठा धरून आवाज मागंपुढं करून घेतले. ती "श" म्हणाली, तर प्रगती म्हणाली "आ". "ई" म्हणाली, तर प्रगती म्हणाली "ऊ". आमचाच क्रम. तिसऱ्यांदा मनिषा म्हणाली "स", आणि प्रगती गप्प बसली. काहीतरी बिनसलं हे तिला कळलं होतं. तिनं घाईनं तिघींची तोंडं बघितली.

"क्रम बदलून घ्यायचा असतो, आजी," मनिषा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रोज वेगळा. सांगितलं असेल ना तुम्हाला?"

मी आठवून बघितलं. पुण्यातली ती खोली आठवली. बाईंची जांभळी साडी आठवली, टेबलावरचं लाकडी बदक आठवलं, मला दिलेला कपातला चहा आठवला, त्यात साखर कमी होती. ते वाक्य आठवलं नाही.

"सांगितलं व्हतं, आत्या," वृषाली म्हणाली. "मी घरी बी म्हणलं व्हतं. तुमी म्हणाला, आरतीतली कडवी कुणी मागंपुढं म्हणतं का."

हे मात्र मला लख्ख आठवलं.

मनिषानं एका बारीक पिनेनं मशीनवरची, माईकच्या छिद्रांवरची, दोन इवलीशी झाकणं काढली. आत काळपट थर होता. केसांचं तेल, घाम, धूळ, साखर कारखान्याच्या धुराड्यातून हंगामभर अंगणात पडते ती काजळी. ही झाकणं दर तीन महिन्यांनी बदलायची असतात. नव्या झाकणांची आख्खी पट्टी मशीनच्या डब्यात आली होती. ती माझ्या कपाटात, शालूच्या घडीखाली आहे. चांगली वस्तू म्हणून मी जपून ठेवली होती.

तिनं नवी झाकणं बसवून पाहिली. "थोडा फरक पडला," ती म्हणाली, "पण माईकच झिजलाय. सात वर्षं झाली. आधी बारीक आवाज जातात, श, स, च. मग बाकीचंही दबतं. लाईट हिरवीच राहते, कारण ती बॅटरीची असते. आतलं यंत्र उत्तम आहे. ऐका तुम्ही, तिला काय जातंय ते."

तिनं मशीनला एक वायर जोडली, तिचं दुसरं टोक इयरफोनचं. ते माझ्या कानांत घातलं. मला डोळे मिटायला सांगितलं आणि वृषालीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बोलायला.

कडब्याच्या गंजीपलीकडून कुणीतरी बोलत असावं, असं ऐकू आलं. बाई बोलतेय एवढं कळत होतं. काय बोलतेय ते नाही. शब्दांना कडाच नव्हत्या, नुसते गोळे. मी कान ताणला. इतकी वर्षं जिचा आवाज दिवसातून शंभर वेळा ऐकला ती माझी सून बोलत होती आणि एक शब्द माझ्या हाती लागत नव्हता. मग मनिषानं पंखा लावला. गोळेही गेले. उरली ती घरघर.

मी इयरफोन ओढून काढले. पंखा साधा फिरत होता. वृषाली म्हणत होती, "...आणि मिरचीचा तिसरा तोडा परवा हाय."

एवढ्या घरघरीत ती वर्गात बसत होती. चाळीस पोरं, पत्र्याचं छप्पर, बाहेर ट्रॅक्टर. आणि मी गुरुजींना सांगितलं होतं, कडक व्हा.

प्रगतीला समोर बसवून मी विचारलं. ओठ दिसतील असं, सावकाश. "बाळा, ऐकाय येत न्हाय हे सांगितलं का न्हायस?"

ती आईकडं सरकली. "मला काय म्हाईत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी समदी हळू बोलाय लागला. रुसला म्हणून."

"आन् सकाळी? सकाळी कसं म्हणायचीस?"

"तू थांबतीस की. केस धरून." तिनं हवेत वेणी धरून दाखवली. "तू थांबलीस की म्हणायचं. आ, ऊ, ई, म, श, स. पाठ हाय मला."

"खोटं का बोललीस पर?"

ती खोटं म्हटल्यावर चिडली. चिडली की ती जोरात बोलते. "तूच म्हणली व्हतीस! नीट सांग, न्हायतर परत पुण्याला जाऊन डोकं उघडावं लागंल! मला न्हाय उघडायचं डोकं!"

म्हणाले होते. एका सकाळी ती आळस करत होती, "श"ला गप्प राहिली होती, तेव्हा दटावायला म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून तिनं कधी आळस केला नाही. मला केवढं बरं वाटलं होतं. मी शेजारच्या छबूबाईलासुद्धा सांगितलं होतं, जरा धाक दाखवला की पोरं सुधारतात.

मनिषा उठून आत गेली आणि दवाखान्यात तात्पुरतं वापरायला ठेवलेलं एक मशीन घेऊन आली. तसंच, फक्त रंग वेगळा. प्रगतीच्या जुन्या मशीनमधली तिची मापं तिनं संगणकावर घेतली आणि यात भरली. बराच वेळ लागला. मग कानावर अडकवलं आणि चकती केसांत चिकटवली.

प्रगतीनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मनिषा तिच्या मागं गेली, पुठ्ठा धरला आणि म्हणाली, "स."

"स."

"म. ई. श."

"म. ई. श." आणि मग आपणहून, "तुमच्या बांगड्या वाजत्यात."

वृषाली रडायला लागली. प्रगती तिला म्हणाली, "मम्मी, नाक वढू नको, लई मोठ्ठ्यांदा येतंय," तेव्हा ती रडता रडता हसली. मी प्रगतीला हाक मारली, सवयीनं मोठ्यानं. तिनं कान झाकला आणि तोंड वाकडं केलं. "वरडतीस का, आजी?"

मग ती एकदम गंभीर झाली. "आता मला त्या लांबच्या शाळंत न्यायचं न्हाय ना?"

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. घरात असंच चालतं, माझ्याकडं बघतात.

"न्हाय गं बाळा," मी म्हणाले.

प्रगतीनं माझं ऐकलं. ऐकलं हे दिसत होतं. तरी तिनं आईच्या पिशवीत हात घालून मोबाईल काढला. "पप्पाला लाव. पप्पाला इचार."

वृषालीनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. रविराज शेडनेटमध्ये होता. मशीन बिघडलं होतं हे तिनं सांगितलं.

"बिघडलं आसंल तर दुरुस्त करून घ्या," तो म्हणाला. "पर शाळंचं ठरलंय. जागा परत मिळायची न्हाय. आन् मशीनचा काय संबंध? आईनं रोज तपासलंय. रोज सहाच्या सहा बरोबर. माईक गेलेला आसता तर आईला कळलं नसतं व्हय?"

प्रगती फोनवर वाकून ऐकत होती. आतापर्यंत तिच्यासमोर आम्ही तिच्याबद्दल काहीही बोलत होतो. आता प्रत्येक शब्द तिच्या कानात जात होता आणि ती माझ्या ओठांकडं बघत नव्हती. फोनकडं बघत होती.

"रवी," मी म्हणाले.

"बोल, आई."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी मुलाला असं काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. "माझं तपासणं चुकलं," मी म्हणाले. "दिवाळीपासनं. पोरीला काय बी ऐकाय येत नव्हतं. ती पाठ म्हणत व्हती आन् मी बरोबर बरोबर म्हणत व्हते. मी इयरफोन घालून ऐकलंय आता. तुजं बोलणं मला कळलं नसतं त्यातनं. तिची चूक न्हाय. गुरुजींना मी सांगितलं ते खोटं हाय. तुला सांगितलं ते बी."

तिकडं शेडनेटचं दार लोटल्याचा आवाज आला.

"तू मारलं व्हतंस तिला," रविराज म्हणाला. "मोटारीवरनं."

"व्हय."

"मी बी बोललो व्हतो लई." मग तो म्हणाला, "पेटी परत देतो मी. इंदापूरला जाणारच हाय उद्या."

प्रगतीनं फोन उचलून तोंडाजवळ धरला. "पप्पा, मला ऐकाय आलं," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मनिषा दाखला लिहायला बसली, आता तो वेगळा लिहायचा होता, बिघाड मशीनमध्ये होता असा. वृषाली जुनं मशीन रुमालात गुंडाळत होती. प्रगती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. अर्धवट वेणी तशीच सुटलेली होती. मी सवयीनं केसांकडं हात नेला, तशी ती एक पाऊल मागं सरली.

"जे पप्पाला सांगितलंस ते शाळंत सांगशील?"

"सांगीन. गुरुजींना सांगीन."

"गुरुजींना नको नुसतं. पोरांम्होरं. वर्गात."

मी त्या वर्गाच्या दारातून कितीदा आत गेले होते. दरवेळी पोरं उठून उभी राहायची, आक्का आल्या म्हणून.

"पोरांम्होरं सांगीन," मी म्हणाले.

"कवा?"

"उद्या."

"उद्या पहिल्या तासाला," ती म्हणाली, आणि वेणी घालून घ्यायला आईकडं गेली.